उपाशी बॅटरी

मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते. कोथरूड, कर्वेनगर, वारजे. गाडी सलग दोन-तीन किलोमीटरसुद्धा पळत नाही. परवा डहाणूकर कॉलनीत किल्ली फिरवली तर नुसतं कट-कट-कट. मेकॅनिक काकांनी मीटर लावला: ११.९ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. ‘ताई, बॅटरी खराब नाही, उपाशी आहे.’

स्टार्टर एका झटक्यात शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. ते भरून काढायला अल्टरनेटरला, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, वेळ तर मिळायला हवा! त्यात पावसाळ्यात हेडलाइट, वायपर, काचेवरचं धुकं घालवायला ब्लोअर. बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग ती चार्जही नीट घेत नाही.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना म्हणूनच ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे पुन्हा पुन्हा स्टार्ट करणं झेपेल अशी खास बॅटरी लागते. भावाच्या तशाच गाडीत एका दुकानदाराने साधी बसवून दिली. वर ‘काही फरक पडत नाही’ हेही ऐकवलं. वर्षभरात बसली.

मी चार्जर आणलाय. रविवारी रात्रभर लावायचा बेत आहे. पार्किंगमधल्या प्लगवरून सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणी चालू आहेत.