वाटणीत आलेलं

मुक्ता बोलून गेली आणि एव्हाना विसरलीही असेल. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही.

लग्नासाठी पत्रिका जुळवली, त्यात मुक्ताची आणि मुलाची एकनाड निघाली, म्हणजे दोघांची नाडी एकच, आणि तो दोष धरतात. तेव्हापासून दादाच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मुलगा सगळ्यांना पसंत, मुक्ताला तर आधीपासून. आणि आता हे. मी तिला सांगत होते, अगं, यात काही तथ्य नसतं, मनावर घेऊ नकोस. तिनं विचारलं, "आत्या, तू कधी बघितलंयस, त्यात नक्की काय असतं ते?" मी म्हटलं, त्यात बघायचंय काय. त्यावर म्हणाली, "म्हणजे बाबानं आजीचं घेतलं, तू आप्पांचं घेतलंस. घरात वाटणी झाली, एवढंच." रागानं नाही हं. ताटं पुसत होती, पुसता पुसता म्हणाली.

मला लागलं. का लागलं तेच कळत नव्हतं. या घरात मी एवढी वर्षं एकटी पडले ती न मानण्यामुळेच. पूजेला मला कुणी बोलावत नाही, कारण तिला काय त्याचं. लग्नाच्या बोलण्यात मी नसते. आईच्या शेवटच्या आजारपणात काय काय चाललं होतं तेही मला नंतरच कळलं. ते आत्ता नको. सांगायचं इतकंच, की ज्याची किंमत मोजली ते माझं स्वतःचं आहे, असं मी धरून चालले होते. आणि ही पोर म्हणते, तुला ते वाटणीत आलं.

खरंच कसं आलं माझ्याकडे? आठवून बघितलं. आप्पा, आमचे वडील, कात्रणं काढून ठेवायचे, रविवारी वाचून दाखवायचे. पत्रिका म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची आणि ती आठी मला पटायची. आठीच पटायची. मुद्दा काय होता, कुणी विचारलं असतं तर मला सांगता आला नसता. दादाला आईचा चेहरा पटत होता. एवढ्यापुरतं मुक्ताचं बरोबरच आहे, आणि तेच तर टोचतं.

मग वही घेऊन बसले. दोन्हीकडची टिपणं, म्हणजे जन्मपत्रिका, वहिनींकडून मागून आणली. वहिनींना वाटलं, मी सुधारले. त्यांना आशा वाटली म्हणून मला वाईट वाटलं, पण काही बोलले नाही.

बघायला लागल्यावर पहिलं आश्चर्य हे, की छत्तीस गुणांमध्ये मुलामुलीबद्दल काहीच नसतं. वर्णाचा 1, वश्याचे 2, तारेचे 3, योनीचे 4, ग्रहमैत्रीचे 5, गणाचे 6, राशिकूटाचे 7, नाडीचे 8. बेरीज 36. आणि हे सगळं निघतं ते दोघांच्या जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता एवढ्यावरून. बाकीचे ग्रह या हिशेबात येतच नाहीत, मंगळ बघायचा तर तो वेगळा. चंद्र सत्तावीस दिवसांच्या थोडं वर एक फेरी पुरी करतो, म्हणजे एका नक्षत्रात जेमतेम दिवसभर. त्या दिवसभरात जन्मलेल्या साऱ्यांची नाडी एक, गण एक. नाड्या तीन, नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येक नाडीत नऊ. म्हणजे डोळे मिटून कुठलीही दोन माणसं उचलली तरी साधारण तीनांत एका जोडीची एकनाड निघणार. आमच्या गल्लीत, ऑफिसात, नात्यात, सगळीकडे. पत्रिका न बघता झालेली लग्नं मी मनात मोजायला लागले. त्यांतली तिसरा हिस्सा जोडपी हा दोष घेऊन नांदतायत आणि त्यांना पत्ताही नाही. आई-आप्पांची नाडी मात्र काढली नाही. काढावीशी वाटली नाही.

हल्ली सगळे सांगतात, नाडी म्हणजे रक्तगटच, आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं. वहिनींनाही गुरुजींनी हेच सांगितलं. यावर मी बराच वेळ घालवला, कारण ऐकायला ते पटण्यासारखं वाटतं. पण रक्तगट येतो आईबापाकडून आणि नाडी येते जन्मवेळेवरून. आईबाप दोघेही ओ गटाचे असतील तर त्यांची सगळी पोरं ओ गटाचीच होणार. नाडी मात्र थोरल्याची आद्य, मधलीची मध्य, धाकट्याची अंत्य असू शकते. तेव्हा या दोन गोष्टी एक असूच शकत नाहीत. हे मला कुणी सांगितलेलं नाही. आप्पांच्या कात्रणांतही नाही. हे मी माझ्या वहीत काढलं, आणि काढल्यावर जो आनंद झाला तो आप्पांची आठी बघून कधी झाला नव्हता.

आणि मग पंचांग. दादाकडे दाते, आप्पांच्या मूळ गावी, रत्नागिरीकडे, अजून टिळक पंचांग चालतं. लहानपणी तिकडचा अधिक महिना कधी कधी वेगळा यायचा, सण पुढेमागे व्हायचे, ते आठवलं. राशिचक्राची सुरुवात टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्यापाशी धरतं, दाते चित्रेच्या बरोबर समोर. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. चार अंश म्हणजे चंद्राची सातेक तासांची चाल. मुक्ताचा चंद्र दात्यांत मघेच्या शेवटाशी आहे. चार अंश पुढे नेला की तो पूर्वा नक्षत्रात जातो. रास सिंहच राहते, पण मघेची नाडी अंत्य आणि पूर्वेची मध्य. मुलाचं नक्षत्र स्वाती, अंत्य नाडी, तो दोन्हीकडे स्वातीतच राहतो. म्हणजे दात्यांत एकनाड, टिळकांत नाही. मुक्ताचा गणसुद्धा बदलतो, दात्यांत राक्षसगण, टिळकांत मनुष्यगण. तीच मुलगी. तीच जन्मवेळ.

हे दिसल्यावर मी उठून घरात येरझाऱ्या घातल्या. वहिनींना जेवण जात नाहीये ते या चार अंशांपायी.

आप्पांच्या फायलीत ते पुण्याच्या चाचणीचं कात्रण आहेच. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर, बरोबर आणखी दोघं. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, कुठली कुणाची ते झाकलेलं. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या. 51 जणांनी भाग घेतला, 27 जणांनी उत्तरं पाठवली. चाळिसांत सगळ्यात जास्त बरोबर आली 24, सरासरी निम्म्याच्याही खाली. एका ज्योतिष संस्थेनं दोनशेच्या दोनशे तपासल्या, 102 बरोबर. नाणं उडवून साधारण तेवढंच येतं. हा निबंध 2009 साली करंट सायन्समध्ये छापून आला. आप्पांनी ते कितीदा वाचून दाखवलं होतं. आज पहिल्यांदा मी कात्रणाला प्रश्न विचारले. झाकलं का? दोन्ही बाजूंना शंभरच का घेतल्या? 24 म्हणजे चांगले गुण की नशीब? उत्तरं सापडत गेली तसं ते कात्रण आप्पांचं राहिलं नाही.

दाभोलकर गेले त्या दिवशी, 20 ऑगस्ट 2013 ला, आप्पा दिवसभर खुर्चीत बसून होते. मी शेजारी होते. त्यांना काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. आता कुणाला विचारणार.

तर माझं न मानणं वाटणीतलंच होतं, हे आता मला मान्य करायला जड जात नाही. शेतही वाटणीतच येतं, कसायचं की पडीक ठेवायचं हे आपण बघायचं. दादाबद्दलही मन जरा निवळलंय. तो आईजवळ झोपायचा, मी आप्पांजवळ. एवढ्यावर आम्ही तीस-चाळीस वर्षं एकमेकांना हट्टी म्हणत आलो.

मुक्ता उद्या येणार आहे. वही दाखवावी असं फार वाटतंय, नाडीचं पान तर अगदी उघडून ठेवावं असं. पण ती वाचेल, तिला पटेल, आणि उद्या कुणी विचारलं तर म्हणेल, आत्यानं काढलंय. म्हणून वही नाही देणार. दाते माझ्याकडे आहे, टिळक पंचांग शेजारच्या काकूंकडून आणलंय. दोन्ही पंचांगं, दोन्ही टिपणं आणि कोरा कागद देईन. रक्तगटाचं मात्र आधी तिलाच विचारीन, तुला काय वाटतं म्हणून. माझ्यापेक्षा वेगळं काही काढलंन तर तेही बघू.