काळी म्हणजे कडकनाथ नव्हे

मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि जो तो काळ्या कोंबड्या विकू लागला. नुसता रंग पाहून घेऊ नका. कडकनाथचा कोंबडा फिकट पायांच्या गावठी कोंबडीवर सोडला, तरी त्यांच्या तलंगा (तरुण माद्या) बहुधा काळ्याच निघतात, नर तेवढे फिकट. गावठी आईकडचं काळेपणा दाबणारं जनुक लिंग गुणसूत्रावर असतं, आणि तलंगेला ते गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं. त्यामुळे त्याच बॅचचे नर मागवा; तुरा, जीभ, पाय फिकट तर नाहीत ना, तपासा. विकणारा नर दाखवायला कां-कूं करत असेल तर सौदा सोडा.

रंग टिकवणं तसं सोपं. हातातून जातं ते अंड्यांचं प्रमाण आणि पिलांचा जोम. एका नरावर दहा माद्या ठेवल्या तर दर पिढीत अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) जवळपास 14 टक्क्यांनी चढतं. सहा नर आणि 48 माद्यांत तेच 2.3 टक्क्यांवर येतं. म्हणून तीन गट करा, प्रत्येकात दोन नर, सोळा माद्या. तलंगा जन्मल्या गटातच ठेवायच्या, नर पुढच्या गटात जायचे: अ मधले ब मध्ये, ब मधले क मध्ये, क मधले अ मध्ये. नर बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला लावू नका. मादीच्या पोटात जुन्या नराचं वीर्य तोवर टिकतं. नर निवडताना त्याची ऐट बघून भुलू नका, त्याच्या आई-बहिणींच्या अंड्यांची नोंद बघा.

कडकनाथ क्वचितच अंड्यांवर खुडुक बसते, म्हणजे उबवणीचं मशीन आलंच. नागपुरात उबवणी ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच उरका. मे महिन्यात पारा 45 वर गेला की नराची फलनक्षमता घसरते, आणि 21 अंशांपेक्षा जास्त तापमानात साठवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढून मरतो. अंडी 15 ते 18 अंशांत, फार तर सात दिवस ठेवा. खुराड्याला लावलेला कूलर उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात त्याने फक्त खाली पसरलेला भुसा ओला होतो.

मशीन 37.5 अंशांवर, आर्द्रता 55 टक्के. अठराव्या दिवसापासून 65 ते 70. मीटरवर माझा फारसा भरवसा नाही, वजनकाटा बरा. दहा अंडी 450 ग्रॅम भरली असतील तर अठराव्या दिवशी 395 ते 400 भरायला हवीत. जास्त घटली तर पाणी वाढवा, कमी घटली तर कमी करा.

बाविसाव्या दिवशी न फुटलेली अंडी फोडून बघाच. आत काहीच नसेल तर दोष बहुधा नराचा. रक्ताचं कडं दिसलं तर आधी साठवण तपासा. पूर्ण वाढलेलं पिलू पापुद्र्याला चिकटून मेलं असेल तर शेवटचे तीन दिवस हवा कोरडी पडली.