सातबाऱ्यावर नाव नसलेला पाडा

मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीतल्या केल्टीपाड्याचा किंवा खांबाच्या पाड्याचा, म्हणजे आदिवासी वस्तीचा, इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण येते ती दप्तराची, म्हणजे सरकारी कागदपत्रांची. महसुलाच्या लेखी गाव म्हणजे मौजे, आणि पाडा त्याच्या पोटात. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मौजे सापडेल, पाडा सहसा नाही. त्यामुळे पाड्याचा इतिहास दुसऱ्याच्या कागदातून उकलावा लागतो.

आधी पाडा कुठल्या मौज्यात येतो ते नक्की करा. पाड्याच्या नावाने अर्ज केलात तर 'अभिलेख आढळत नाही' एवढंच उत्तर हाती येतं. मौजे, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घालूनच अर्ज करायचा. आज मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नगर भूमापन क्रमांक असतो, जुन्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर. दोन्हींचा मेळ घालणारा उतारा भूमापन कार्यालयातून आधीच काढून घ्या, नाहीतर शेजारच्या जमिनीचा इतिहास आपला म्हणून लिहिला जातो.

दप्तर कुठे असेल हे काळावर ठरतं. साष्टी, म्हणजे आजची उपनगरं ज्या बेटावर आहेत ते, पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला, उत्तरेकडची गावं १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली आणि १९९० मध्ये उपनगर पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणून मुंबईत नसलेला कागद ठाण्याच्या अभिलेख कक्षात विचारायचा.

आरेत खरी गोम सातबाऱ्यावरच्या भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्या, रकान्यात आहे. १९४९ पासून दुग्ध वसाहत उभी राहिली, त्यामुळे तिथे सरकारचं नाव दिसतं आणि वारली कुटुंबं जणू नव्हतीच असं वाटतं. तिथे थांबू नका. 'इतर हक्क' हा रकाना वाचा, आणि गाव नमुना १२ च्या (सातबाऱ्यातल्या 'बारा'च्या) जुन्या पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव शोधा. भात पिकवणारा माणूस तिथे सापडण्याची शक्यता जास्त. जन्म-मृत्यूसाठी जुना गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जवळच्या शाळेचं जनरल रजिस्टरही बघा, त्यात जन्मस्थान लिहिलेलं असतं.

फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, वाचताना एक चूक हमखास होते. त्यावरची तारीख नोंदीची असते, घटनेची नव्हे. बाप वारल्यावर वारसनोंद बऱ्याच वर्षांनी झालेली असू शकते. मोडी कागदावर शके दिसला तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्याच्या आतली तिथी असेल तर ७९. क्षेत्रातही फसगत होते. जुना हिशेब एकर-गुंठे-आण्यांचा: १६ आणे म्हणजे १ गुंठा, ४० गुंठे म्हणजे १ एकर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. नंतर हेक्टर-आर आले. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा, म्हणून आकडा थोडा बदलला की जमीन कमी झाली असं लगेच समजू नका.

जागेवर गेल्यावर भिंती शोधून उपयोग नाही. कारवीच्या कुडाचं, मातीने सारवलेलं घर पडलं की त्याची खूण उरत नाही, आणि घरं थोडी सरकलेलीही असतात. एक इंचाला एक मैल या प्रमाणाचा जुना नकाशा न्या, पण खूण धरायची ती विहिरीची, जुन्या चिंचेची आणि वाघोबा या वाघदेवाच्या ठिकाणाची. शेंदूर लावलेला देव सहसा जागा सोडत नाही.

म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका. 'दुधाची वसाहत झाली तेव्हा तुम्ही केवढ्या होतात, गुरं राखत होतात का, लग्न झालं होतं का?' असं विचारलं की वर्ष जवळपास सापडतं. बायकांना माहेरचा पाडा विचारा. त्यातून कुठल्या पाड्याचं कुठल्या पाड्याशी येणं-जाणं होतं ते उलगडतं, आणि हे कुठल्याच कागदात नाही. वाघबारशीच्या, म्हणजे वाघोबाच्या सणाच्या, सुमाराला गेलात तर देवाजवळ ही माणसं एकत्र भेटतात. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा, आणि वारली बोलीतला शब्द प्रमाण मराठीत न बदलता आहे तसाच उतरवून घ्या.