तुम्ही विचारलंत म्हणून: कोड लिहिणं ही कला का?

हा प्रश्न मला बहुधा लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. यंदा मात्र भाचा खरंच ऐकायला बसला होता. "मावशी, प्रोग्रॅमिंगला कला म्हणायचं का गं?"

रोजचं नाही. दिवसभर मी या फॉर्ममधली माहिती त्या टेबलात ढकलते. त्याला कला म्हटलं तर रेशनकार्डावरच्या नोंदीही कविताच म्हणायच्या.

पण एकदा पत्त्यांची लेबलं छापायची होती, मराठीत. ओळ संपली की शब्द तोडायचा. 'स्त्री' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. संगणकाच्या लेखी मात्र सहा तुकडे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. त्यामुळे मधेच चिरफाड व्हायची, वेलांटी एकटीच खालच्या ओळीवर. मी एकेक अपवाद हेरत चाळीसेक ओळींचं ठिगळकाम केलं. चाललं. बिल निघालं.

तरी रात्री झोप येईना. उठून सगळं पुसलं आणि दोनच अटी ठेवल्या: आधी हलन्त असेल तर तोडू नकोस, पुढे मात्रा, अनुस्वार असं काही चिकटणारं असेल तरी नको. लेबलं होती तशीच छापली गेली. यंत्राला दोन्ही कोड सारखेच. फरक पडला तो फक्त मला, आणि पुढे तो कोड वाचणाऱ्याला. माझ्या मते कला असलीच तर तिथे.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी 1974 साली ट्युरिंग पुरस्काराच्या (संगणकक्षेत्रातल्या सर्वोच्च मानाच्या) भाषणाला विषयच हा घेतला होता. पुढे स्वतःच्या पुस्तकाची नवी छपाई बघवेना, म्हणून 1977मध्ये ते 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला बसले. साधा प्रोग्रॅम ओळ भरली की तोडून पुढे जातो. टेक अख्खा परिच्छेद बघतं; खालची एखादी ओळ विसविशीत होणार असेल तर पहिल्याच ओळीतला शब्द खाली ढकलतं. गवई तान घेतानाच सम कुठे आहे ते धरून असतो, तसं. (तिसऱ्या आवृत्तीनंतर टेकच्या दर सुधारणेला गणितातल्या 'पाय'चा (π) एकेक अंक वाढतो: 3.14, 3.141... याचा उपयोग शून्य. म्हणूनच मला फार आवडतं.)

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. "मग त्या रात्रीचे पैसे मिळाले?"

छे. उलट सकाळी साहेब म्हणाले, चालतंय ते कशाला उकरलंस?