मावशीची घारापुरी, गाइडची घारापुरी

न्यू जर्सीची मावशी क्रूझने मुंबईला येतेय म्हटल्यावर मी मोदकांचं पीठ आणून ठेवलं. तर बाईसाहेबांनी जहाजावरच ‘प्राचीन लेणी आणि धार्मिक स्थळं’ अशी सहल बुक केलेली! डॉलरमधला आकडा ऐकून मी गप्प बसले. त्यांच्या ग्रुपमध्ये मला घेईनात, मग गेटवेवरून नेहमीची लाँच पकडून मी आपली घारापुरीला जाऊन थांबले.

मावशी आली ती छातीवर सात नंबरचा स्टिकर लावून. पुढे गाइड, हातात त्याच नंबरची पाटी. पायऱ्या चढताना माकडाने एका गोऱ्या आजोबांची कोकची बाटली पळवली, त्याचं सगळ्यांना फार कौतुक.

लेण्यात शिरल्यावर गाइडने सगळ्यांना थेट मोठ्या मूर्तीसमोर उभं केलं आणि ‘ब्रह्मा, विष्णू, महेश’ म्हणून मोकळा झाला. अहो, तिन्ही मुखं शिवाचीच! मधलं डोळे मिटलेलं तत्पुरुष, डावीकडे मिशीवाला, कपाळाला आठ्या घातलेला अघोर, उजवीकडे हातात कमळ धरलेला वामदेव. जवळजवळ साडेपाच मीटर उंच काम, सहाव्या शतकातलं, आणि वामदेवाच्या कुरळ्या बटा आजही एकेक वेगळी दिसते. मी मावशीला बटा दाखवत होते तोवर ‘फोटो झाले का?’ सुरू.

मावशीने विचारलं, “आणि पिंडी कुठाय?”

“तिथे बघण्यासारखं काही नाही, मॅडम.”

इथे माझं डोकं सणकलं. मूर्तीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला चार दारांचा गाभारा, दाराशी दोन-दोन द्वारपाल, काहींचे पाय मोडलेले. सगळा डोंगर पोखरला तो त्या पिंडीसाठी, आणि म्हणे बघण्यासारखं काही नाही! नित्यपूजा होत नाही, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, युनेस्कोच्या यादीत १९८७ पासून आहे, सगळं मान्य. म्हणून देव काय रजेवर गेला? मावशीने स्निकर्स काढले, मोजे पर्समध्ये कोंबले आणि आत गेली. पिंडीपाशी कुणीतरी वाहिलेला बेल सुकून पडला होता. नमस्कार करून उठताना तिचा गुडघा धरला, मी हात दिला. बाहेर सात नंबरची पाटी जोरजोरात हलत होती.

परतीची लाँच, जेवण, मलबार हिलचं ट्रॅफिक यात दुपार गेली.

बाणगंगेवर मी टॅक्सीने बसच्या मागे. इथे गाइड रंगला, रामाच्या बाणाची गोष्ट झकास सांगितली. पण पायऱ्यांवर एक मुंडन केलेला माणूस भटजींसमोर पिंड ठेवत बसला होता, आणि चार मोबाइल त्याच्या दिशेने वळले. मावशी सरळ मधे जाऊन उभी राहिली. “हिज फादर, मेबी. नो फोटो,” ती म्हणाली. तिचा तो ठणठणीत मास्तरणीचा आवाज! मोबाइल खाली गेले. दोघांनी सॉरी म्हटलं, हेही सांगायला हवं.

गाइड मात्र माझ्याकडे वळला. “मॅडम, तुम्ही आमच्या ग्रुपमध्ये नाही आहात, जरा लांब उभ्या राहा.”

मोदक डब्यात घालून मी बसच्या खिडकीतून आत दिले. त्याला एकही देऊ नकोस, असं मावशीला बजावून.