वाडा विद्यार्थ्यांना का दिला नाही

लातूरच्या गावभागातला आमचा जुना वाडा दुरुस्त करून आम्ही एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना कमी भाड्याने दिला, तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, ‘पोरांना कॉट बेसिसवर दिला असता तर कितीतरी जास्त पैसे आले असते, मग हा उद्योग कशाला?’ हिशेब म्हणून प्रश्न बरोबर आहे. बोर्डाच्या आणि प्रवेश परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावची मुले येथे शिकायला येतात आणि खाटेमागे भाडे मिळते. पण त्याच बाजारात नवरा वारलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या किंवा मानसिक आजारातून सावरलेल्या बाईला खोली मिळणे अवघड होते. मिळालीच तर ‘मालक काय करतात?’, म्हणजे नवरा काय करतो, याचे उत्तर तिला आधी द्यावे लागते.

वाडा माळवदाचा, म्हणजे लाकडावर माती पसरलेल्या सपाट छताचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या अशाच घरांखाली गाडली गेली, त्यामुळे ‘असल्या घरात कुणाला ठेवता?’ ही शंका मला अधिक रास्त वाटते. गळती थांबवण्यासाठी माळवदावर दरवर्षी माती चढत जाते, ओझे वाढते, आणि चिखलात रचलेल्या दुपदरी भिंतीचे पदर हादऱ्याने एकमेकांपासून सुटतात. म्हणून आम्ही आधी साचलेली माती उतरवली, दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड भिंतींत बसवले, वरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला आणि मातीखालच्या लाकडी किलच्या कुजल्या होत्या तेवढ्याच बदलल्या. निम्म्याहून अधिक पैसा येथेच गेला; संडास, न्हाणी आणि वीज ही कामे त्या मानाने सोपी होती.

ढेलजेची, म्हणजे दारातून आत येताच लागणाऱ्या पडवीची, खोली करून तीही भाड्याने द्यावी, असे बहुतेकांनी सुचवले. आम्ही तेथे एक पगारी कार्यकर्ती बसवली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, बँकेतले काम, औषधाची वेळ, पाण्यावरून झालेली भांडणे हे सारे तिच्याकडे येते. पाहुण्यांची चौकशी मात्र ती करत नाही, कारण हे वसतिगृह नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आजारी व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, परंतु नुसती किल्ली हातात देऊन तो हक्क टिकत नाही. गोळ्या सुटल्या, भाडे थकले, शेजारी कुरकुरले की खोली जाते.

विधवेला निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, आणि ते ठरावीक तारखेला हातात पडतीलच असे धरून चालता येत नाही. म्हणून भाडे त्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवले आहे आणि पैसे जमा झाल्यावरच घेतो. कार्यकर्तीचा पगार रस्त्याकडेच्या दोन गाळ्यांतून निघतो. तेथे आम्ही बाजारभावाचे भाडे घेतो आणि त्यात सूट देत नाही. मृगाआधी माळवदाची डागडुजी करावी लागते. तिचा खर्च या हिशेबात अजून बसत नाही, तो आम्ही भावंडे वाटून घेतो.