बाबाचं अस्वल उलटं चाललंय

मी आई-बाबा आणि लहान मुलं असा एकत्र योगाचा क्लास घेते. मुलं साधारण तीन ते सात वर्षांची. नुसत्या मुलांचा क्लास मी मुद्दामच घेत नाही, कारण या वयात सांगून फारसं काही होत नाही, समोरचा मोठा माणूस करतो ते बघून होतं. म्हणून अट एकच, पालकांनी कडेला मोबाइल बघत बसायचं नाही, मॅटवर यायचं.

त्या रविवारी एक बाबा पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले. दारातच सुरू, "मॅडम, हा एका जागी बसतच नाही हो, कॉन्सन्ट्रेशन वाढेल असं काहीतरी शिकवा." आता पाच वर्षांचं पोर तासभर गप्प बसायला लागलं तर उलट मलाच काळजी वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १८० मिनिटं हालचाल सांगितलीय आणि त्यातली ६० मिनिटं चांगली धापा टाकायला लावणारी, म्हणजे योगा केला की पळणं-खेळणं झालं असं नसतंच. पण दारात उभं राहून हे कुठे सांगणार, म्हटलं या आत.

सुरुवात प्राण्यांपासून. मार्जारासनात म्याव करायचंच, भुजंगासनात फुस्स, सिंहासनात जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढून गर्जना. ही गर्जना करताना मोठी माणसं जाम लाजतात, मुलं अजिबात नाही. तेवढ्यात आपल्या हिरोने पाठीवर पडून हातपाय झाडले आणि जाहीर केलं, "हे झुरळासन!" बाबा लगेच, "असं काही नसतं, मॅडम सांगतायत ते कर." मी म्हटलं असतं की! घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात जितक्या जीवजाती तितकी आसनं असंच म्हटलंय, मग त्यातली निवडत निवडत ३२ माणसाच्या कामाची ठरवलीयत ते वेगळं. तर सगळ्यांनी झुरळासन केलं, बाबांनीही, नाइलाजाने.

पण त्यांच्या सूचना काही थांबेनात. वृक्षासनात स्वतः डुगडुगत होते आणि तोंड चालू, "गुडघा बाहेर! समोर बघ! हलू नकोस!" पाय पसरून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात तर मागून पोराची पाठ दाबायला निघाले, तिथे मात्र मी हात धरून थांबवलं. मुलांचे सांधे लवचिक असतात, जेवढं आपणहून वाकतात तेवढंच पुरे, ढकलायचं नाही.

शेवटी सगळे पाठीवर झोपतात आणि प्रत्येकाच्या बेंबीवर मी एक कापडी खेळणं ठेवते. श्वास घेतला की ते वर, सोडला की खाली. श्वास रोखायचा नाही, मोजायचा नाही, खेळण्याला झोपाळा द्यायचा बस. पोराचा ससा मस्त वरखाली होत होता. त्याने मान वळवून शेजारी बघितलं, थोडा वेळ बघतच राहिला आणि मग एकदम ओरडला,

"बाबाचं अस्वल उलटं चाललंय!"

सगळे हसले, पण मी जवळ जाऊन बघितलं तर खरंच. श्वास घेताना छाती फुगत होती, खांदे कानाकडे जात होते आणि पोट आत, अस्वल खड्ड्यात. सोडताना अस्वल वर. खरं तर श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि त्यामुळे पोट वर यायला हवं, लहान मुलांचं शिकवावं न लागता तसंच होतं. मोठ्यांपैकी बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं पोट आत ओढून वावरायची सवय असते आणि त्यांचं असं उलटं होऊन बसतं, त्यांना स्वतःला पत्ताही नसतो.

मी त्यांना म्हटलं, आधी सगळा श्वास सोडा, मग घ्यायच्या भानगडीत पडू नका, आपोआप आत येऊ दे. पण माझं काम फार उरलंच नाही. पोरगं उठून त्यांच्या मॅटशेजारी मांडी घालून बसलं होतं, एक हात बाबाच्या पोटावर, आणि आवाज डिट्टो बाबाचाच, "छाती नाही! पोट! हलू नकोस!" अस्वल दोनदा घरंगळलं, त्याने उचलून परत ठेवलं. बऱ्याच वेळाने ते हळूच वर आलं, बोटभर असेल, आणि पोराने टाळी वाजवली. या सगळ्या वेळात ते पोर जागचं हललं नव्हतं. मी काही बोलले नाही, बाबांच्या लक्षात आलं असेल-नसेल.

निघताना बाबांनी विचारलं, याला कपालभाती सुरू करू का, व्हिडिओत बघितलंय. मी सरळ नाही म्हटलं, आणि शीर्षासनही नाही, या वयात गरजच नाही. रात्री झोपताना पाच मिनिटं हाच खेळ खेळा, आणि सर त्यालाच होऊ द्या.

पुढच्या रविवारी दोघं आले तेव्हा पोराच्या काखेत घरून आणलेला मोठा डायनासोर. म्हणे अस्वल फार हलकं आहे, बाबाला जडच हवं.